रत्नागिरी जिल्ह्यातील घरगुती जळण आणि पेलेट इंधन

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, ढलप्या किंवा शेतीतील वाळलेले अवशेष दळून आणि यंत्रात दाबून तयार केलेल्या, साधारणतः ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या इंधनकांड्या होत. युरोप व उत्तर अमेरिकेत त्यांचा मुख्य उपयोग हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी होतो. महाराष्ट्राच्या कोकण विभागातील रत्नागिरी जिल्ह्यात खोली तापवण्याची गरज जवळजवळ नसते. तेथे घरगुती उष्णतेची मागणी प्रामुख्याने आंघोळीचे पाणी तापवणे आणि स्वयंपाक यांसाठी असते. ती पूर्वापार लाकूडफाटा, नारळाच्या झाडाचे अवशेष आणि गोवऱ्या यांवर भागवली गेली असून अलीकडे एलपीजी, वीज व सौर बंब यांची त्यात भर पडली आहे. पेलेट हे इंधन सरपणापेक्षा कोरडे, एकजिनसी आणि कमी धुराचे असले, तरी घरगुती वापरासाठी ते परवडेल का, हे केवळ गोणीच्या किमतीवर ठरत नाही. चुलीची कार्यक्षमता, इंधनाची गुणवत्ता, वाहतूक आणि कच्च्या मालाला असलेली अन्य मागणी यांवरही ते अवलंबून असते.

हवामान आणि गरज

रत्नागिरीच्या किनारी भागात हिवाळ्यातही रात्रीचे तापमान सहसा १५ अंश सेल्सिअसच्या वर राहते. दापोलीसारख्या उंचावरील भागात गारवा अधिक असला, तरी घरात शेगडी पेटवून ऊब घेण्याची प्रथा रूढ नाही. जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गरम पाण्याची गरज याच काळात वाढते आणि नेमक्या याच काळात सरपण ओले होते, आकाश ढगाळ राहिल्याने सौर बंब पुरेसे तापत नाहीत व वादळी पावसात वीजपुरवठाही खंडित होतो. त्यामुळे कोकणात जळणाचा प्रश्न हा मुख्यतः पावसाळ्याच्या बेगमीचा प्रश्न आहे. मे महिन्याच्या अखेरपर्यंत लाकडे फोडून, वाळवून पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवणे हे शेतकरी कुटुंबाच्या वार्षिक कामांपैकी एक महत्त्वाचे काम मानले जाते. या कामाचा मोठा भार स्त्रियांवर असतो.

पारंपरिक साधने

स्वयंपाकघरातील मातीच्या चुलीला जोडून असलेल्या वैलावर उरलेल्या आचेत पाणी तापत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. न्हाणीघरात किंवा घरामागे स्वतंत्र चूल मांडून तीवर तांब्याचा हंडा ठेवला जातो. मधोमध धुराची नळी असलेला तांब्याचा बंब हे याच कामाचे सुधारित साधन होय. त्यात नळीभोवतीचे पाणी ज्वाळा व तप्त धूर या दोहोंनी तापते, म्हणून उघड्या चुलीपेक्षा जळण कमी लागते. बंबात काटक्या, करवंट्या, ढलप्या व कोळसा जाळतात.

भुशाची शेगडी हे पेलेटच्या वापराशी सर्वांत जवळचे पारंपरिक साधन आहे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली किंवा दांडा उभा धरून त्याभोवती लाकडाचा भुसा घट्ट ठासतात. दांडा काढल्यावर राहिलेल्या पोकळीत खालच्या तोंडाने हवा शिरते आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील भुसा स्वस्तात मिळत असे तेव्हा ही शेगडी अनेक घरांत आणि लहान खानावळींत वापरली जाई. सुटा भुसा साठवायला मात्र पुष्कळ जागा लागते, तो दमट हवेत लवकर ओलसर होतो आणि ठासणी सैल झाल्यास कोसळून धुमसतो. पेलेटच्या तंत्राने याच तीन अडचणी दूर होतात.

स्थानिक जळणाचे प्रकार

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अत्यल्प असून बहुतांश झाडोरा खाजगी मालकीच्या जमिनींवर आहे. त्यामुळे जळणाची उपलब्धता घराच्या स्वतःच्या बागायतीशी आणि वरकस जमिनीशी निगडित असते. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

• आंबा व काजूची लाकडे : जुन्या बागांच्या छाटणीतून आणि वठलेल्या झाडांपासून मिळतात. ओंडके फोडून काही महिने वाळवल्यास चांगले जळतात.

• ऑस्ट्रेलियन बाभूळ : सामाजिक वनीकरणातून कोकणात मोठ्या प्रमाणावर लावली गेलेली झाडे. लाकूड जड व जळणास चांगले असते.

• नारळाचे अवशेष : झावळ्या, पोयी, सोडणे आणि करवंट्या. करवंटीचा जाळ कडक असतो. सोडणात पोटॅशियमचे प्रमाण अधिक असल्याने त्याची राख उच्च तापमानास चिकटते.

• भाताचा तूस : गिरणीत सहज मिळतो, परंतु त्यात सुमारे १५ ते २० टक्के राख असते व ती मुख्यतः सिलिकाची असते.

• काजूची टरफले : त्यांत तेलाचे प्रमाण मोठे असल्याने ती जोरात जळतात. मात्र या तेलातील अनाकार्डिक आम्ल व कार्डोल हे घटक त्वचेला आणि त्यांचा धूर डोळ्यांना व श्वसनमार्गाला दाहक असतो. म्हणून कच्ची टरफले घरगुती चुलीत जाळणे अयोग्य मानले जाते. तेल काढून घेतल्यानंतर उरणारी पेंड कारखान्यांच्या भट्ट्यांत वापरली जाते.

यांपैकी कोणतीही वस्तू सर्वार्थाने टाकाऊ नसते. भाताचा पेंढा गुरांच्या वैरणीला लागतो. पातेरा बागेत आच्छादन व खत म्हणून उपयोगी पडतो आणि तोडलेल्या फांद्यांचे कवळ भात व नाचणीच्या रोपवाटिकांसाठी राब भाजण्यास वापरतात. त्यामुळे केवळ पडून असलेल्या पालापाचोळ्याचा अंदाज बांधून पेलेटसाठी कच्चा माल विपुल आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

तोडीवरील निर्बंध

खाजगी जमिनीवरील झाडांनाही महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. साग, खैर, आंबा, फणस, ऐन व किंजळ यांसारख्या अनुसूचित वृक्षांच्या तोडीसाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. खाड्यांच्या काठचे कांदळवन पूर्वी जळणासाठी तोडले जाई. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. या निर्बंधांमुळे विकत घेतलेल्या लाकडाचा किंवा भुशाचा उगम कोठला, हा प्रश्न ग्राहकाच्याही दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

पेलेटची निर्मिती

कच्चा माल प्रथम सुमारे १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात आणि हातोडा गिरणीत बारीक दळतात. हा भुसा नंतर भोके असलेल्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने ढकलला जातो. दाब व घर्षणामुळे तापमान वाढून लाकडातील लिग्निन हा नैसर्गिक घटक मऊ होतो आणि थंड झाल्यावर तोच कणांना बांधून ठेवतो. त्यामुळे चांगल्या लाकडी पेलेटमध्ये वेगळा डिंक मिसळावा लागत नाही. सुट्या भुशाचे एक घनमीटर वजन साधारण १५० ते २०० किलोग्रॅम भरते, तर पेलेटचे ६०० किलोग्रॅमहून अधिक असते.

याच तत्त्वावर तयार केलेल्या, परंतु मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड कांड्यांना ब्रिकेट म्हणतात. महाराष्ट्रात त्या पांढरा कोळसा या नावाने ओळखल्या जातात. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भात उसाचे चिपाड, पऱ्हाटी, तुऱ्हाटी, सोयाबीनचा भुसा आणि भुईमुगाची टरफले यांपासून ब्रिकेट व पेलेट तयार केले जातात. त्यांचा मुख्य ग्राहक कारखान्यांतील बाष्पके हा आहे.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली. विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात काजूची टरफले, भाताचा तूस व गवत यांसारख्या कोकणात मिळणाऱ्या पदार्थांपासून ब्रिकेट तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत.

गुणवत्तेचे निकष

लाकडी पेलेटसाठी आयएसओ १७२२५-२ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रचलित आहे. घरगुती वापराच्या सर्वोच्च, म्हणजे ए१ श्रेणीत ओलावा १० टक्क्यांपेक्षा कमी, राख ०.७ टक्क्यांपर्यंत आणि घनता प्रति घनमीटर किमान ६०० किलोग्रॅम अपेक्षित असते. ए२ श्रेणीत राखेची मर्यादा १.२ टक्के व बी श्रेणीत २ टक्के आहे. भारतातील बाजारात मिळणारे पेलेट बहुधा कारखान्यांसाठी तयार केलेले, शेतीच्या अवशेषांचे असतात. त्यांत राखेचे प्रमाण या मर्यादांच्या कितीतरी पट असू शकते. मोठ्या बाष्पकात राख काढण्याची सोय असते, मात्र लहान शेगडीची जाळी अशा राखेने तुंबते आणि आच मंदावते. म्हणून कारखान्यासाठी उत्तम असलेला माल घरासाठी उत्तम असेलच असे नाही.

प्रयोगशाळेविना काही गुणधर्म पुढील रीतीने तपासता येतात.

• घनता : एक लिटरचे माप पेलेटने काठोकाठ भरून वजन केल्यास ते ६०० ग्रॅमच्या वर भरावे.

• भुकटी : गोणीच्या तळाशी साचलेला चुरा नाममात्र असावा. चुरा अधिक असल्यास दाब कमी पडला आहे किंवा मालाला ओल लागली आहे असे समजतात.

• राख : एक किलोग्रॅम पेलेट पूर्ण जाळल्यावर उत्तम लाकडी मालाची राख ७ ग्रॅमच्या आसपास राहते. तुसाचे मिश्रण अधिक असल्यास ती १०० ग्रॅमच्याही पुढे जाते. राखेत काचेसारखे खडे आढळल्यास राख वितळून चिकटत असल्याचे ते लक्षण होय.

• पाण्यातील चाचणी : केवळ लाकडाचे पेलेट पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत फुगून भुशात रूपांतरित होतात. तळाशी माती वा वाळू बसल्यास भेसळ स्पष्ट होते.

• वास : जळताना रंग, व्हार्निश किंवा प्लायवूडच्या गोंदासारखा उग्र वास येणे हे फर्निचरच्या कारखान्यातील रसायनयुक्त भुसा वापरल्याचे चिन्ह आहे. असा माल स्वयंपाकासाठी किंवा घरात जाळणे आरोग्यास घातक असते.

खर्चाची तुलना

इंधनाच्या किलोमागे असलेल्या किमतीवरून ते स्वस्त की महाग हे कळत नाही. प्रत्यक्ष पाण्यात उतरणाऱ्या उष्णतेवरून तुलना करावी लागते. २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. उन्हात चांगल्या वाळलेल्या लाकडापासून प्रतिकिलो सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळतात. निम्मे वजन पाण्याचे असलेल्या ओल्या लाकडापासून मात्र सुमारे १,९०० किलोकॅलरीच मिळतात, कारण लाकूड निम्मेच असते आणि उष्णतेचा काही भाग त्यातील पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. पेलेटचा उष्मांक सुमारे ४,००० आणि एलपीजीचा सुमारे १०,९०० किलोकॅलरी धरता येतो.

उघड्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के, चांगल्या पेलेट शेगडीची ३५ टक्के, गॅसच्या शेगडीची ६० टक्के आणि विजेच्या बंबाची ९० टक्के मानल्यास एका बादलीसाठी लागणारे इंधन असे येते :

• उघडी चूल, वाळलेले लाकूड : सुमारे १.१ किलोग्रॅम
• उघडी चूल, ओले लाकूड : सुमारे २.१ किलोग्रॅम
• पेलेट शेगडी : सुमारे ०.२९ किलोग्रॅम
• एलपीजी : सुमारे ६१ ग्रॅम
• वीज : सुमारे ०.५२ युनिट

चार माणसांच्या कुटुंबाने दररोज चार बादल्या पाणी तापवल्यास पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे १४० किलोग्रॅम पेलेट, म्हणजे २५ किलोग्रॅमच्या साधारण सहा गोण्या लागतात. याच कामासाठी उघड्या चुलीत अर्ध्या टनाहून अधिक वाळलेले लाकूड, तर गॅसवर १४.२ किलोग्रॅमचे सुमारे दोन सिलिंडर लागतात.

या हिशेबातून दोन सोपी प्रमाणे मिळतात. पेलेटची प्रतिकिलो किंमत एलपीजीच्या प्रतिकिलो किमतीच्या सुमारे एकपंचमांशापेक्षा कमी असेल, तरच पेलेट गॅसपेक्षा स्वस्त पडतात. तसेच ती विजेच्या १.८ युनिटांच्या दरापेक्षा कमी असेल, तरच विजेच्या तुलनेत बचत होते. उदाहरणार्थ, सिलिंडर ९०० रुपयांना मिळत असल्यास पेलेटची घरपोच किंमत किलोला साधारण १३ रुपयांच्या आत असावी लागते. अनुदानित सिलिंडर मिळणाऱ्या कुटुंबासाठी ही मर्यादा आणखी खाली येते. स्वतःच्या बागेतील लाकूड ज्याला रोख पैसे न मोजता मिळते, त्याच्यासाठी पेलेटची तुलना पैशांशी नसून लाकूड तोडणे, वाहणे, फोडणे आणि वाळवणे यांत जाणाऱ्या श्रमांशी असते.

घाटमाथ्यावर तयार झालेला माल आंबा घाट किंवा कुंभार्ली घाटातून रत्नागिरीत आणावा लागतो. एकट्या घराने पाच-सहा गोण्या मागवल्यास वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो. वाडीतील अनेक घरांनी किंवा सहकारी संस्थेने उन्हाळ्यात एकत्रित खरेदी केल्यास हा भार विभागला जातो. शिवाय माल पावसाआधी कोरडा पोहोचतो.

ऊर्जा शेगडीचा अनुभव

महाराष्ट्रात घरगुती पेलेट वापराचा सर्वांत मोठा प्रयोग ऊर्जा या नावाच्या शेगडीचा होता. बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने ती विकसित केली आणि २००६ च्या सुमारास बाजारात आणली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. शेगडीत एका वेळेचे पेलेट भरून ते वरून पेटवले जात आणि लहान विद्युत पंख्याने हवा पुरवली जाई. त्यामुळे धूर फार कमी होई. महाराष्ट्र व कर्नाटकासह काही राज्यांत मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या.

शेगडी लोकप्रिय झाली, तरी तिचा घरगुती वापर टिकला नाही. पेलेटसाठी लागणारा शेतीतील कच्चा माल, विशेषतः उसाचे चिपाड, साखर कारखान्यांतील वीजनिर्मिती व अन्य उद्योगांमुळे महाग झाला. पेलेटची किंमत वाढत गेली आणि अनुदानित एलपीजीशी असलेला फरक मिटला. कंपनीने पुढे आपले लक्ष उपाहारगृहे व इतर व्यावसायिक स्वयंपाकघरांकडे वळवले. ज्या घरांनी शेगडी घेतली होती, त्यांच्याकडे साधन उत्तम अवस्थेत असूनही परवडणारे इंधन उरले नाही. ही शेगडी केवळ पेलेटसाठीच बनवलेली असल्याने तीत घरचे लाकूडही नीट जाळता येत नसे. साधनाची निवड करताना इंधनाचा अखंड व स्थिर दराचा पुरवठा आधी तपासावा लागतो, हा धडा या अनुभवातून मिळतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरील औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के जैवभार पेलेट जाळण्याचे धोरण जाहीर केले. यामुळे देशात पेलेट उत्पादनाला चालना मिळाली. परंतु त्याचबरोबर घरगुती ग्राहकाला त्याच मालासाठी फार मोठ्या खरेदीदारांशी स्पर्धा करावी लागते.

सुरक्षितता आणि आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील चुलींच्या धुराशी संबंधित आजारांमुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. कोरडे इंधन आणि पुरेशी हवा यांमुळे धूर कमी होतो, पण पूर्णतः नाहीसा होत नाही. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू तयार होऊ शकतो. त्यामुळे बंद न्हाणीघरात पेलेट, कोळसा किंवा भुशाची शेगडी पेटवणे धोकादायक असते. बंब अथवा शेगडी उघड्या पडवीत किंवा धुराड्याखाली ठेवणे आवश्यक असते.

पेलेट तीन दगडांच्या चुलीत नीट जळत नाहीत, कारण ढिगाच्या आत हवा शिरत नाही. जुन्या बंबाच्या जाळीच्या फटी पेलेटच्या जाडीपेक्षा मोठ्या असल्यास कांड्या न जळता राखेत गळतात. अशा बंबासाठी ब्रिकेटचे तुकडे अधिक सोयीचे ठरतात. पावसाळ्यातील दमट हवेत पेलेट ओल शोषून फुगतात व त्यांचा भुगा होतो. म्हणून ते घट्ट झाकणाच्या पिंपात किंवा प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या गोणीत, जमिनीपासून उंचावर ठेवावे लागतात.

पर्याय

१९८० च्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे धूरविरहित सुधारित चुलींचा प्रसार झाला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅसजोडण्या वाढल्या. तथापि अनेक घरांत गॅस स्वयंपाकापुरता राखून पाणी चुलीवरच तापवले जाते. गुरे असलेल्या घरांना गोबर गॅस, तर पावसाळ्याखेरीज इतर महिन्यांत सौर बंब हे उपयुक्त पर्याय आहेत. विकतचे पेलेट जेथे परवडत नाहीत, तेथे स्वतःचे लाकूड वेळेवर फोडून पूर्ण वाळवणे आणि उघड्या चुलीऐवजी बंब वा सुधारित चूल वापरणे, या दोन उपायांनी जळणाचा खर्च व धूर दोन्ही लक्षणीयरीत्या कमी होतात.

हेही पहा

• जैवभार
• गोबर गॅस
• रत्नागिरी जिल्हा
• डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ
• प्रधानमंत्री उज्ज्वला योजना